उभं राहायचा दिवस

मित्रांनो, माझा रंग हिरवा आहे असं मी सांगितलं की ऐकणारा माझ्याकडे दोनदा निरखून बघतो. त्यात त्याची काही चूक नाही. हिरवा रंग आता सीटखालच्या नळीवर बोटभर जागेत काय तो उरला आहे. बाकी सगळीकडे गंज आहे, ओरखडे आहेत आणि काही ठिकाणी तार गुंडाळलेली आहे. मी एक म्हातारी सायकल आहे. डॅन्यूब नदी जिथे दोन डोंगरांमधून अंग चोरून वाहते, तिथे काठावरच्या एका घराच्या भिंतीला मी टेकून असते. या घरातल्या माणसांइतकी हट्टी माणसं मी कुठे पाहिली नाहीत, आणि मी बरंच जग पाहिलं आहे. व्हिएन्नापासून या फाटकापर्यंत मी माझ्या स्वतःच्या चाकांवर आले आहे. म्हणजे जवळजवळ. त्या 'जवळजवळ'चीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म झाला तेव्हा आमचा देश मोठा होता आणि कारखाने दिवसरात्र चालत. आम्ही सगळ्या बहिणी आकड्यांना टांगलेल्या, ओल्या हिरव्या रंगात चमकत असायचो. मला घेतलं झिवादिननं. तो नदीवरचे दिवे सांभाळायचा. जहाजांना वाट कळावी म्हणून पाण्यात तरंगत्या पिंपांवर दिवे बसवलेले असतात. ते पेटतात की नाही, त्यांच्या काचा स्वच्छ आहेत की नाही, हे बघायला तो रोज काठच्या रस्त्यानं माझ्यावरून जायचा. होडीपाशी पोचला की मला झाडाला टेकवायचा आणि परत आला की आधी माझी सीट पुसायचा, मग स्वतःचं तोंड. रविवारी हा माणूस चर्चमध्ये कमी आणि सायकलपाशी जास्त असतो, अशी त्याच्या बायकोची कायमची तक्रार होती. मला ती तक्रार फार आवडायची.

माझ्या पुढच्या चाकाला डायनॅमो आहे. चाक फिरलं तर दिवा लागतो, चाक थांबलं की अंधार. झिवादिन लोकांना अभिमानानं सांगायचा, "हिचं माझ्यासारखंच आहे. ही फिरते आहे तोवर उजेड, मी उभा आहे तोवर घर. थांबलो, बसलो की संपलं."

हे उभं राहण्याचं प्रकरण तुम्हाला आधी सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, तुमच्याकडे कुलदैवत असतं तसा. त्याच्या दिवसाला स्लावा म्हणतात. झिवादिनच्या घराचा संत जोर्जे. त्याचा दिवस जुर्जेवदान, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्या दिवशी फाटकाला रानफुलांचं कडं बांधतात आणि फाटक सताड उघडं ठेवतात. बोलावणं कुणालाच नसतं. ज्याला ठाऊक आहे तो येतो, आणि आलेल्याला, मग तो वैरी का असेना, परत पाठवायचं नाही. सकाळी तसबिरीपुढे लांब मेणबत्ती लावतात. ती जळत असेपर्यंत घरधन्यानं बसायचं नाही. पाहुणे बसतात, कोकराचं मटण खातात, हसतात, भांडतात. घरधनी उभ्यानं वाढतो, पेले भरतो, उभ्यानंच दोन घास गिळतो. संध्याकाळी वाईनचे थेंब टाकून मेणबत्ती विझवली की मगच त्याला खुर्ची. बाप थकला तर मुलानं त्याच्या जागी उभं राहायचं. सुटका आहे ती एवढीच.

झिवादिनचा मुलगा तिहोमिर. माझ्याच नळीखालून पाय घालून तो सायकल शिकला, गुडघे फोडून घेतले आणि माझं मडगार्ड वाकवलं. मोठा झाल्यावर एका जुर्जेवदानला, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, हातात ट्रे घेऊन तो बापापाशी गेला.

"बाबा, मी व्हिएन्नाला जातोय. फरश्या बसवायचं काम मिळालंय."

तो हळू बोलला होता, पण हळू बोललेलं सगळ्यांनाच ऐकू जातं. टेबलावरचे काटे थांबले.

"नदीचे दिवे कोण बघणार?" झिवादिननं विचारलं.

"सरकार बघेल."

"आणि इथे माझ्यानंतर कोण उभं राहणार? तेही सरकारच?"

पाहुणे खो खो हसले. ते हसले नसते तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. तिहोमिर कानापर्यंत लाल झाला. त्यानं ट्रे खाली ठेवला, तरातरा अंगणात आला आणि मला भिंतीपासून ओढलं.

"ए! सायकल माझी आहे!" झिवादिन फाटकातून ओरडला.

"पाठवून देईन!"

"पाठवायची नाही! नेतोस ना? मग हिच्यावर बसूनच परत ये. मोटारीत बसून आलास तर हे फाटक तुझ्यासाठी बंद!"

"येईन! हिच्यावरच बसून येईन, बघाच तुम्ही!"

दोघांच्याही मागे सगळं गाव उभं होतं, त्यामुळे दोघांनाही शब्द मागे घेता येईनात. स्वतःचं नुकसान झालं तरी बेहत्तर, पण दुसऱ्याचं खरं होऊ द्यायचं नाही, या हट्टाला आमच्याकडे 'इनात' म्हणतात. आम्ही तो मिठासारखा रोज वापरतो.

व्हिएन्नाला मी बसच्या पोटात आडवी पडून गेले. पहिली काही वर्षं तिहोमिर माझ्यावरून कामाला जायचा, माझ्या कॅरिअरवर फरश्यांचे खोके बांधायचा. मग तो ट्रामनं जायला लागला. मग त्याचं लग्न झालं, चंदेरी मोटार आली आणि मी तळघरात गेले. माझ्या टायरमधली हवा कधी गेली ते मला आठवत नाही. सीटवर कुणीतरी कोळशाचं पोतं ठेवलं. मित्रांनो, वापरून झिजण्यात दुःख नसतं. न वापरता झिजण्यात असतं.

एका ऑगस्टमध्ये तिहोमिर ती मोटार घेऊन गावी गेला होता. झिवादिन फाटकापाशी आला, मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "चार चाकं आणलीस. दोनच लागत होती." मग त्यानं फाटक लावून घेतलं. ही हकिगत मला पुढे नेवेनाच्या तोंडून कळली. नेवेना ही तिहोमिरची धाकटी बहीण. आई गेल्यापासून बापाजवळ तीच राहत होती.

मग एका मार्चमध्ये तिचाच फोन आला. तिहोमिर बोलत बोलत तळघरात उतरला आणि तिचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला.

"दादा, बाबांचा खुबा पार गेलाय. डॉक्टरांनी सांगितलंय, फार वेळ उभं राहायचं नाही. हाड सरकलं तर पुन्हा चालता येणार नाही."

"मग बसवून ठेव त्यांना."

"जुर्जेवदानला कोण बसवणार? म्हणतात, मेणबत्ती पेटली की मी उभा. पडलो तर पडलो. आणि यंदा विझवली की पुन्हा लावणार नाही, तसबीर चर्चला देऊन टाकणार. दादा, तू ये ना. स्लावाला ते तुला परत पाठवू शकत नाहीत. विमानानं ये, मोटारीनं ये, कसाही ये."

"परत नाही पाठवणार," तिहोमिर म्हणाला. "मोटारीनं आलो तर पाहुणा म्हणून आत घेतील. खुर्ची देतील. पण पाहुण्याला त्यांच्या जागी उभं राहता येत नाही, नेवेना."

बल्बच्या उजेडात त्याची नजर माझ्यावर येऊन टेकली. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे बघत होतं.

"दादा? ऐकतोयस ना?"

"सायकलवर येतो," तो म्हणाला.

"तू वेडा आहेस," नेवेना म्हणाली. "आणि ते तुझे बाप शोभतात."

त्याच्या बायकोनं सोपा उपाय सुचवला होता. "मोटारीच्या टपावर टाक हिला. गावाच्या अलीकडे उतर आणि बस हिच्यावर. कोण बघतंय?"

"ते टायर बघतील," तिहोमिर म्हणाला.

त्यानं माझा गंज घासला, साखळी रॉकेलमध्ये बुडवली, नवे टायर घातले, डायनॅमोला तेल दिलं. मागच्या चाकाच्या तारा मात्र बोटांनी दाबून बघितल्या आणि म्हणाला, "चालतील." मला बोलता येत असतं तर तिथेच ओरडले असते.

एप्रिलच्या मध्यावर आम्ही दोघंच निघालो. हंगेरीतून नदीच्या बांधावरून जाताना तिहोमिर मजेत होता. पोट सुटलेला, केस पिकलेला माणूस, पण घंटी पोरासारखी वाजवायचा. नंतर त्याचा गुडघा सुजला. दोन दिवस एका कोळ्याच्या पडवीत बसून त्यानं गुडघ्यावर कोबीची पानं बांधली. तरीही जुर्जेवदानच्या आदल्या दुपारी घरी पोचू, असा त्याचा हिशेब होता. आपल्या मुलखात शिरल्यावर मोठ्या रस्त्यावरचे ट्रक टाळायचे म्हणून त्यानं नदीचा उत्तरेकडचा काठ धरला. शेवटी तरीच्या नावेतून नदीपलीकडे गेलं की पुढे घरचाच रस्ता होता.

आणि कोशावा सुटला. कोशावा हा आमचा वारा. नदी ज्या दिशेला जाते त्याच्या बरोबर उलट तो येतो, आणि एकदा आला की मुक्काम ठोकतो. तिहोमिर पायडलवर उभा राहून जोर लावायचा आणि आम्ही चालणाऱ्या माणसाच्या वेगानं पुढे सरकायचो. त्या जोरानं माझ्या मागच्या चाकातली पहिली तार तुटली. 'टिंग' असा आवाज झाला. त्यानं ती शेजारच्या तारेला गुंडाळली आणि पुढे निघाला. एक तार गेली की तिचा भार बाकीच्यांवर पडतो, आणि बाकीच्याही तिच्याच वयाच्या होत्या.

आदल्या दुपारी आम्ही तरीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा नाव साखळदंडानं बांधलेली होती. नदीवर लाटा उठत होत्या. पलीकडे राम गाव आणि त्याचा जुना किल्ला दिसत होता, पण मध्ये सगळं पांढरं पाणी. तरीवाला टोपी कानावर ओढून धक्क्यावर बसला होता.

"कधी सुटणार?" तिहोमिरनं विचारलं.

"कोशावा बसल्यावर."

"कधी बसेल?"

"विचार की त्याला. तो काय माझा मेव्हणा आहे?"

"अहो, उद्या आमच्या घरी स्लावा आहे! बाप उभा राहणार आहे माझा, खुबा गेलेला!"

तरीवाल्यानं पहिल्यांदा नीट त्याच्याकडे बघितलं. "माझ्याही घरी उद्या स्लावाच आहे," तो म्हणाला. "पलीकडे, राममध्ये. मला काय इथे बसायची हौस आहे? पण तुला नदीत बुडवून तुझा बाप बसणार आहे का?"

दोघं मग पाण्याकडे बघत राहिले. ती संध्याकाळ आणि रात्र तिहोमिरनं धक्क्यावरच काढली.

जुर्जेवदानच्या सकाळी वारा थोडा खाली आला. नाव सुटली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. नदीच्या मध्यावर असताना फोन वाजला.

"मेणबत्ती लावली," नेवेना कुजबुजत होती. "उभे आहेत. काठीसुद्धा घेत नाहीत. कुठे आहेस तू?"

"राम."

"राम? अरे देवा. दादा, संध्याकाळ होईल तुला!"

"दुपारी पोचतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजावरून मला कळलं की हे त्याला स्वतःलाही पटलेलं नाही.

पलीकडे लागताच तरीवाला ओरडला, "जा, पळ! बापाला माझा नमस्कार सांग!" आणि स्वतःच्या घराकडे खरोखरच पळत सुटला.

त्या दिवशी तिहोमिर जसा चालवत होता तसं त्यानं मला कधीच चालवलं नव्हतं. वाटेतल्या प्रत्येक गावात फाटकाफाटकावर फुलांची कडी होती, अंगणांतून भाजल्या कोकराचा वास येत होता, लोक हाका मारत होते, "ए सायकलवाल्या, ये, बस दोन मिनिटं!" तो मान हलवून पुढे जायचा. त्या घरांतले यजमान उभे होते. प्रत्येक उभा माणूस दिसला की त्याचे पाय आणखी जोरात फिरायचे. टिंग. पुन्हा टिंग. माझं मागचं चाक आता डुलत होतं आणि दर फेरीला ब्रेकच्या रबराला घासत होतं. त्यानं ब्रेकच सोडवून टाकला. उतारावर तो बुटाचा तळ रस्त्याला घासून वेग कमी करायचा.

गोलुबाचच्या किल्ल्याखाली पुन्हा फोन आला.

"भिंत धरून उभे आहेत," नेवेना म्हणाली. आता ती रडत होती. "फादर म्हणाले बसा, तर त्यांच्यावरच खेकसले. म्हणाले, माझ्या जागी उभा राहणारा कुणी दिसतोय का तुम्हाला इथे?"

फोन खिशात टाकून तिहोमिर निघाला. पुढे बोगदे सुरू होतात. डोंगर थेट नदीत उतरतो, त्यामुळे रस्ता डोंगराच्या पोटातून एकामागून एक बोगद्यांतून जातो. आत दिवे नाहीत. वळणं आहेत. समोरून येणाऱ्याला आपण दिसतो ते फक्त माझ्या डायनॅमोच्या पिवळ्या ठिपक्यामुळे. आणि मागून येणाऱ्याला तर तेवढंही नाही, तिथे एक लाल काच आहे फक्त.

पहिले काही बोगदे निभावले. मग एका लांब बोगद्यात, मधोमध, जिथे मागचं तोंडही दिसत नाही आणि पुढचंही नाही, तिथे मागून इंजिनाचा आवाज आला. बोगद्यात आवाज भिंतींवरून फिरतो, त्यामुळे गाडी किती लांब आहे ते कळत नाही. तिहोमिर पायडलवर उभा राहिला. "चल," तो मला म्हणाला, "चल ग, थोडंच राहिलंय." मी जीव तोडून फिरत होते. आणि तेव्हाच माझ्या मागच्या चाकातल्या उरल्यासुरल्या तारांनी दम सोडला. एकदम तीन-चार टिंग झाले, रिम वाकली, चाक सांगाड्यात अडकलं, आम्ही दोघं जागच्या जागी थांबलो. चाक थांबलं आणि दिवा गेला.

इतका काळोख मी तळघरातही पाहिला नव्हता. आवाज वाढत होता. तिहोमिरनं मला उचलून भिंतीशी दाबलं आणि स्वतः माझ्यापुढे उभा राहिला. सायकलीपुढे माणूस उभा राहिलेला मी तेव्हाच पाहिला. मग त्याचा हात घंटीवर आला. तो घंटी वाजवत सुटला, ट्रिंग ट्रिंग ट्रिंग ट्रिंग, जणू सगळा डोंगर जागा करायचा होता.

ब्रेक किंचाळले. दोन मोठे दिवे आमच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबले. ट्रकच्या खिडकीतून एक मिशाळ डोकं बाहेर आलं.

"सर्कशीतून पळालास का रे? मरायला दुसरी जागा नाही मिळाली?"

त्या माणसानं उतरून माझं चाक बघितलं आणि च् च् असा आवाज केला. त्याचं नाव रादिशा. बाभळी फुलल्या की त्याच्या मधमाश्या डोंगरात जायच्या, आणि त्यांच्यासाठी तो रिकाम्या पेट्या घेऊन निघाला होता.

"कुठे चाललायस?"

"स्लावाला."

"कुणाच्या?"

"बापाच्या." मग तिहोमिरनं गावाचं नाव सांगितलं.

"मग बस ना बाबा! अर्ध्या तासात सोडतो. सायकल पेट्यांवर टाक."

"नको," तिहोमिर म्हणाला. "मी चालत जाईन."

"चालत? इथून? मेणबत्ती विझेल तोवर!"

तिहोमिरनं माझं मागचं चाक हातानं उचलून धरलं आणि पुढच्या चाकावर मला ढकलत चालायला लागला. रादिशानं कपाळावर हात मारला. पण त्या अंधारात त्याला एकटं सोडवेना, म्हणून तो ट्रक मुंगीच्या गतीनं आमच्या मागे आणत राहिला. आमच्या पुढ्यात त्याच्या दिव्यांचा उजेड होता आणि पाठीशी त्याच्या शिव्या. "वेडा! बेणं! काय शपथ घेतलीयेस का कुणाची?"

"घेतलीय!" तिहोमिर मागे न बघता ओरडला.

बोगद्याबाहेर आल्यावर फोनला पुन्हा रेंज आली आणि तो लगेच वाजला. नेवेना आता रडतही नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"दादा, खाली पडले होते. आता उठून उभे राहिलेत. कुणाला हात लावू देत नाहीत. रस्त्याकडे बघतायत नुसते."

तिहोमिर मला धरून तसाच उभा राहिला. खाली नदी शांत वाहत होती, वारा पार बसला होता. मी त्याच्या हातातून त्याचं काळीज ऐकत होते. मला वाटलं, माझ्यामुळे हे झालं. माझी चाकं टिकली असती तर तो अभिमानानं त्या फाटकात शिरला असता. आता शब्द पाळायचा तर म्हाताऱ्याला संध्याकाळपर्यंत उभं ठेवायचं, आणि म्हाताऱ्याला बसवायचं तर शब्द मोडायचा. हट्टी माणसाला यापेक्षा वाईट शिक्षा नाही.

त्यानं एकदा माझ्या सीटवरून हात फिरवला. मग रादिशाकडे वळून म्हणाला, "धर जरा इकडून."

मेणाचा वास येणाऱ्या रिकाम्या पेट्यांवर मी आडवी झाले. गावाच्या जवळ येईपर्यंत रादिशाला गाडी चालवता चालवता सगळी हकिगत कळली होती, आणि त्यालाही तेच सुचलं जे तिहोमिरच्या बायकोला सुचलं होतं.

"असं करू," तो म्हणाला. "वळणाच्या अलीकडे उतरवतो. उतार आहे. हिच्यावर बस आणि नुसता घरंगळत जा. टायर बघ की, झिजलेत. म्हाताऱ्याला कशाला कळतंय?"

मला खरं सांगायचं तर वाटलं, हो म्हण. तेवढ्या उतारापुरती मी तुटक्या चाकावरसुद्धा गेले असते.

"फाटकासमोर थांबव," तो म्हणाला.

फाटकावर फुलांचं कडं होतं आणि झिवादिन त्याच्या खाली उभा होता. दोन्ही हातांनी त्यानं फाटकाचा खांब धरला होता. मी त्याला ओळखलं नसतं इतका तो आटला होता, पण त्याच्या बुटांवर तेलाचे डाग होते, त्यावरून ओळखलं. मागे अंगणात पाहुणे होते. ट्रक थांबला. तिहोमिरनं मला खाली घेतलं आणि बापासमोर उभी केली.

झिवादिननं मुलाकडे बघितलंच नाही. एक हात खांबावर ठेवून तो वाकला आणि दुसऱ्या हातानं माझा टायर चाचपला. मग वाकलेली रिम, मग एकेक तुटलेली तार.

"कुठून आली ही?"

"व्हिएन्नाहून."

"चालवत?"

"बोगद्यापर्यंत चालवत. तिथे चाक गेलं."

"आणि पुढे?"

"ट्रकनं आलो."

अंगणात कुणाचा तरी काटा ताटलीवर वाजला.

"हिच्यावर बसून येईन म्हणाला होतास," झिवादिन म्हणाला.

"म्हणालो होतो. नाही जमलं, बाबा. तुम्ही जिंकलात. आता बसा."

झिवादिन सरळ झाला. पहिल्यांदा त्यानं मुलाच्या डोळ्यांत बघितलं.

"ट्रकनंच यायचं होतं तर सकाळीच का नाही आलास, गाढवा?" तो ओरडला. "पहाटेपासून उभा आहे मी!"

त्यानं खांब सोडला. त्याचा सगळा भार तिहोमिरच्या खांद्यावर आला. मग म्हातारा त्याच्या कानाशी म्हणाला, पण आमच्याकडे हळू बोललेलं सगळ्यांनाच ऐकू जातं, "हात धू. पाहुण्यांचे पेले केव्हाचे रिकामे आहेत."

नेवेना खुर्ची घेऊन धावत आली. झिवादिननं मान हलवली, मला भिंतीशी टेकवून घेतलं आणि माझ्या शेजारच्या बाकाकडे बोट केलं. मग तिहोमिरच्या आधारानं तो हळूहळू खाली झाला आणि बसला. मेणबत्ती जळत होती आणि झिवादिन बसला होता. गावानं असं कधी पाहिलं नव्हतं. त्याचा हात माझ्या सीटवर होता.

रादिशा ट्रककडे निघाला होता, पण नेवेनानं त्याची बाही पकडली. "फाटकातून आत आलात ना? मग जेवल्याशिवाय बाहेर नाही."

"बाई, माझ्या माश्या..."

"माश्या थांबतील," ती म्हणाली, आणि त्या थांबल्या.

संध्याकाळी तिहोमिरनं मेणबत्ती विझवली. बाकावरून म्हातारा ओरडला, "फुंकर नको! थेंब टाक!" तसबीर भिंतीवरच राहिली. पुढल्या वर्षी मेणबत्ती तिहोमिरनं लावली, त्याच्या पुढल्या वर्षीही. झिवादिन आणखी काही जुर्जेवदान जगला, आणि प्रत्येक जुर्जेवदानला बसून जेवला. माझ्या चाकात त्यानं बसल्या बसल्या नव्या तारा भरल्या आणि उरलेली जुनी तार टोचू नये म्हणून सांगाड्याला गुंडाळून ठेवली. आता तो नाही. बाक आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे सायकल असेल तर तिला तेल द्या, आणि तारा बोटांनी दाबून नुसतं 'चालतील' म्हणू नका. त्या बोलत नाहीत, म्हणून त्यांना काही होत नाही असं नसतं. आणि घरी कुणी फाटक धरून तुमच्यासाठी उभं असेल, तर कशावर बसून गेलो तर आपलं खरं होईल याचा विचार करत राहू नका. जे मिळेल त्यावर बसा आणि जा. मी सायकल असून हे सांगते आहे.